बोनेटवरचा दिवा कुणासाठी?

गेल्या भागानंतर बऱ्याच जणांचे मेसेज आले की वायरिंगचा भाग ऐकून डोक्यात राहत नाही, लिहून टाका. तर घ्या. बोलताना जिथे अडखळलो आणि मध्येच खालून भंगारवाला ओरडला, ते काढून टाकलंय. बाकी जवळजवळ तसंच आहे.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. ती सांगितल्याशिवाय हा विषय मी का घेतला ते कळणार नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापूर, राजारामपुरीचा मेन रोड, संध्याकाळी साडेसहाच्या आसपास. मी बाइकवर सरळ चाललो होतो. निदान मला तरी तसं वाटत होतं. मागच्या चौकात डावीकडे वळलो होतो, तेव्हा लावलेला इंडिकेटर बंदच केला नव्हता. म्हणजे रस्त्यावरच्या प्रत्येकाला माझी गाडी सांगत होती, ‘मी डावीकडे वळणार.’ हे माहीत नव्हतं ते फक्त मला. डाव्या हाताच्या एका गल्लीच्या तोंडाशी एक काका स्कूटर घेऊन थांबले होते. त्यांनी माझा दिवा बघितला, हा आपल्याच गल्लीत शिरतोय असं धरलं आणि स्कूटर पुढे काढली. मी शिरलोच नाही. ब्रेक दाबला, पण उशीर झाला होता.

मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. काकांचं मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो तर हात प्लास्टरमध्ये. मी माफी मागायला तोंड उघडलं, त्याआधी तेच म्हणाले, “अरे बाळा, तू दिवा दाखवलास म्हणून मी निघालो की रे.” रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांच्या आवाजात नुसतं आश्चर्य होतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता आणि मी त्यांना काही सांगतोय याचा मलाच पत्ता नव्हता.

हे मी कधी पॉडकास्टवर बोललो नव्हतो. मग मागच्या महिन्यात एक व्हॉइस नोट आली. मूळची सांगलीची, आता अमेरिकेत डेट्रॉइटच्या जवळ राहणारी आपली एक श्रोती. तिने आणि तिच्या नवऱ्याने १९६७ सालची फोर्ड मस्टँग घेतलीय, गंजलेली, आणि सुट्टीच्या दिवशी दोघं ती दुरुस्त करतात. मूळ बोनेट कामातून गेलेलं होतं म्हणून त्यांनी त्याच काळातलं दुसरं मिळवलं. त्या बोनेटवर हवा आत जायला असतात तशा दोन खाचा आहेत आणि प्रत्येक खाचेत एक छोटा दिवा. तिचा प्रश्न असा होता: “दादा, हा इंडिकेटर आहे म्हणतात. पण समोरच्याला दिसतच नाही, त्याचं तोंड माझ्याकडे आहे. गाडीच्या बाहेर लावलेला दिवा आतल्या माणसासाठी कशाला? आणि याची वायर जोडायची कुठे?”

मी ती नोट तीनदा ऐकली. मग राजारामपुरीचे काका आठवले.

तर आजचा विषय हा. इंडिकेटर दुसऱ्यासाठी असतो हे आपल्याला शाळेतच सांगतात. पण तो चालू आहे हे देणाऱ्याला कसं कळणार? शंभर वर्षं गाड्या बनवणारे या दुसऱ्या प्रश्नाशी झगडतायत, आणि मस्टँगच्या बोनेटवरचा तो दिवा म्हणजे त्याचंच एक उत्तर.

जरा मागे जाऊ. इंडिकेटरच्या आधी हात होता. आजही लर्निंग लायसन्सच्या वेळी हे विचारतात: उजवीकडे वळायचं तर उजवा हात सरळ बाहेर, डावीकडे वळायचं तर हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. आपण पाठ करतो आणि लायसन्स हातात आलं की विसरतो. पण हाताचा एक मोठा गुण आहे, तो बाहेर आहे हे विसरता येत नाही. खांदा दुखतो, वारा लागतो, पावसात बाही भिजते. हात बाहेर ठेवून कुणी दोन किलोमीटर सरळ जात नाही.

यंत्र आलं तेही आधी हाताचीच नक्कल करत आलं. १९०७ मध्ये पर्सी डग्लस-हॅमिल्टन नावाच्या माणसाने पेटंटचा अर्ज केला आणि १९०९ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. ते उपकरण कसं होतं? चक्क हाताच्या पंजाच्या आकाराचं. नंतर १९१४ च्या सुमारास मूकपटांतली नटी फ्लॉरेन्स लॉरेन्स हिने स्वतःच्या गाडीसाठी बटण दाबलं की मागच्या बाजूला वरखाली होणारी एक खूण तयार केली. त्या काळात पडद्यावर नटनट्यांची नावंही देत नसत, आणि ही अमेरिकेतल्या पहिल्या नामवंत तारकांपैकी एक. गाड्यांचं तिला वेड होतं. तिने पेटंट मात्र घेतलं नाही, त्यामुळे पैसाही नाही आणि श्रेयही उशिराच. तिच्यावर एक अख्खा भाग करायचाय, आज नको.

मग आला ट्रॅफिकेटर. जुन्या इंग्लिश किंवा जर्मन गाड्यांचे फोटो बघा, दोन दारांच्या मधल्या खांबात एक फट दिसेल. आत एक छोटी पट्टी, पिवळट-नारिंगी, आतून दिवा असलेली. स्विच दाबला की विद्युतचुंबक ती पट्टी उचलतो आणि रेल्वेच्या जुन्या सिग्नलसारखा हात बाहेर पडतो. फोक्सवॅगन बीटल युरोपात १९६० पर्यंत हे घेऊन फिरत होती, मॉरिस मायनर १९६१ पर्यंत. हीच मॉरिस मायनर आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सने ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने विकली. तेव्हा तुमच्या पणजोबांच्या फोटोतल्या गाडीच्या खांबात अशी फट दिसली तर ती कशाची, हे आता माहीत झालं.

ट्रॅफिकेटर दिसायला फार गोड. पण तो अडकायचा. थंडीत, गंजामुळे, धुळीमुळे तो अर्ध्यातच राहायचा किंवा बाहेर यायचाच नाही. इंग्लंडमधली माणसं आतून त्या खांबावर गुद्दा मारायची, की मग तो टुणकन बाहेर. गंमत वाटते. पण मुद्दा बघा: खांब आहे ड्रायव्हरच्या खांद्यामागे. हात बाहेर आला की नाही हे बघायला मान वळवायची, म्हणजे ऐन वळणावर रस्त्यावरची नजर काढायची. हात स्वतःचा होता तोवर हा प्रश्नच नव्हता. तो यंत्राला दिला आणि प्रश्न जन्माला आला.

अमेरिकेने वेगळी वाट धरली, उघडझाप करणाऱ्या दिव्याची. ब्यूइक कंपनीने १९३९ च्या मॉडेलवर असे दिवे आणले, आधी फक्त मागे. १९४० मध्ये पुढेही दिले, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वळण झाल्यावर आपोआप बंद होणारा स्विच दिला. आज चारचाकीचं स्टिअरिंग सरळ झालं की दांडी खट्कन जागेवर येते ना, तेच. आत स्टिअरिंगबरोबर फिरणारा एक उंचवटा असतो, तो परतताना दांडीला ढकलतो. साधीच करामत, पण विसराळू माणसासाठी केलेली. बहुतेक बाइकना ती नाही, आणि त्याची किंमत कुणाच्या मनगटाने मोजली ते वर सांगितलंच.

आता फ्लॅशरबद्दल. हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, थोडं सहन करा.

जुन्या गाडीत दिवा लुकलुकतो तो चिपमुळे नाही, उष्णतेमुळे. डॅशबोर्डखाली एक छोटी गोल डबी असते. आत धातूची पट्टी असते. दिव्यांना जाणारी वीज या डबीतून जाते, पट्टी तापते, वाकते आणि संपर्क तुटतो. दिवे विझतात. पट्टी गार होते, परत जागेवर येते, संपर्क जुळतो. दिवे लागतात. प्रत्येक वेळी ती पट्टी ‘टिक’ करते. म्हणजे ती टिक-टिक सुरुवातीला कुणी मुद्दाम ठेवलेली नव्हती, तो यंत्राचा आपसूक आवाज. पण ड्रायव्हरच्या कानाला फुकटात निरोप मिळाला: दिवा चालू आहे. त्यातही अजून एक निरोप दडलेला. एक बल्ब गेला की वीज कमी वाहते, पट्टी नीट तापत नाही, आणि टिक-टिकची चाल बदलते किंवा थांबते. जुने ड्रायव्हर नुसत्या आवाजावरून सांगायचे की बल्ब उडालाय. मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणं हे आजही जगभरच्या नियमांत मान्य प्रमाण आहे. त्याच्या बाहेर गेलं की कानाला खटकतंच.

मग टिक-टिक होती, डॅशबोर्डवर छोटा बाणही होता, तर १९६७ मध्ये बोनेटवर दिवा कशाला?

साठीच्या दशकातल्या अमेरिकन गाड्या डोळ्यांसमोर आणा. लांबलचक बोनेट, खाली आठ सिलेंडरचं इंजिन, काचा खाली, रेडिओ मोठ्याने. मस्टँग बाजारात आली १७ एप्रिल १९६४ ला. १९६७ मध्ये ती रुंद केली, कारण फोर्डला तिच्यात ३९० घनइंचाचं इंजिन बसवायचं होतं, आपल्या हिशेबाने जवळपास ६.४ लिटर. एवढ्या धडधडीत टिक-टिक कोण ऐकणार? आणि डॅशबोर्डवरचा बाण बघायला नजर रस्त्यावरून खाली आणावी लागते. बोनेटवरचा दिवा नजरेच्या रेषेतच असतो. रस्ता बघता बघता डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी लुकलुकतं. विमानांत आणि आता महागड्या गाड्यांत काचेवरच आकडे दाखवतात ना, त्याचा हा गरीब चुलत भाऊ म्हणा.

पण खरं सांगू? काळजी एवढंच कारण नव्हतं, ऐटही होती. बोनेटवरच्या खाचा, म्हणजे स्कूप, या मुळात शर्यतीच्या गाड्यांच्या. बाहेरची गार हवा जास्त दाट असते, ती थेट कार्बोरेटरला मिळाली की इंजिनाला जोर येतो. शर्यतीची गाडी घेणं सगळ्यांना परवडत नाही, शर्यतीच्या गाडीचा चेहरा परवडतो. म्हणून रोजच्या गाड्यांना खोट्या खाचा दिल्या. आत भोक नाही, हवा जात नाही, नुसता देखावा. १९६७ च्या मस्टँगवर सजावटीच्या जादा पैशांच्या पॅकेजमध्ये असं बोनेट मिळायचं, आणि कुणीतरी डोकं लढवून त्या रिकाम्या खाचेत इंडिकेटर बसवला. १९६९ च्या मस्टँगवर बोनेटवर उभा स्कूप आला, त्याच्या मागच्या अंगाला हेच दिवे. प्रतिस्पर्धी डॉजनेही १९६८ च्या चार्जरवर बोनेटच्या खोलगट भागात दिवे दिले. चार्जर तुम्हाला माहीत आहे, ‘फास्ट अँड फ्युरियस’मध्ये डॉमिनिकची काळी गाडी आहे ती १९७० ची चार्जर.

मला यातली विसंगती फार आवडते. खोटी खाच, हवेचं नाव नाही, आणि तिच्यात गाडीतली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट. आरशासारखा तो दिवा ड्रायव्हरला सांगतो: बघ, तू आत्ता लोकांना हे सांगतोयस.

जाता जाता मुंबईचा एक धागा. डॉज हे नाव आपल्याला परकं नाही. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४७ पासून कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या जुळवत होती. क्रायस्लर कंपनीच्या त्या थोराड गाड्यांनंतर तिथे फियाट आली, आणि तिची पुढे पद्मिनी झाली. चार्जर काही तिथे आली नाही. मुंबईच्या टॅक्सीत बोनेटवर दिवा कुठला असायला? तिथे इंडिकेटर चालू असला तरी ड्रायव्हरचा उजवा हात खिडकीबाहेर असायचाच. आपल्याकडे दोन्ही व्यवस्था एकाच वेळी चालू होत्या, आणि विश्वास होता तो हातावर.

आता वायरिंग. ज्यांना रस नाही त्यांनी दोन-तीन परिच्छेद सोडा, पण मजा इथेच आहे.

आपल्या श्रोतीच्या नवऱ्याने आधी जोडणी केली ती मागच्या दिव्याच्या वायरीवरून, कारण डिकीतली वायर हाताशी होती. इंडिकेटर दिला, बोनेटवरचा दिवा लुकलुकला, दोघं खूश. मग ब्रेकवर पाय ठेवला, तर बोनेटवरचे दोन्ही दिवे पेटून तसेच राहिले. का? त्या काळच्या बऱ्याच अमेरिकन गाड्यांत मागे ब्रेकचा दिवा आणि इंडिकेटर एकच असतो, दोन्ही लाल, एकाच तारेवर. ब्रेकची वीज इंडिकेटरच्या स्विचमधून फिरून मागे जाते. डावा इंडिकेटर दिला की स्विच डाव्या दिव्याची ब्रेकची वाट तोडतो आणि तिथे फ्लॅशरची वाट जोडतो. म्हणजे मागच्या तारेवर दोन निरोप एकत्र येतात. पुढच्या तारेवर फक्त वळण्याचा निरोप असतो. बोनेटचा दिवा नेहमी पुढच्या इंडिकेटरच्या वायरीवरूनच घ्यायचा. त्या काळच्या फोर्डमध्ये पुढची डावी वायर हिरवी, पांढऱ्या रेघेची, आणि पुढची उजवी पांढरी, निळ्या रेघेची. पुढच्या बल्बला समांतर जोडणी करायची, म्हणजे एक बल्ब गेला तरी दुसरा अंधारात जात नाही.

दुसरी अडचण अर्थची. गॅरेजमध्ये ‘अर्थ मिळत नाय’ हे वाक्य ऐकलं नसेल असा माणूस नाही. गाडीचा सगळा लोखंडी सांगाडाच वीज परत नेणारी वायर असतो. पण बोनेट त्या सांगाड्याला चिकटलेलं नाही, ते बिजागऱ्यांवर आहे. बिजागरीत ग्रीस, बोल्टखाली नवा रंग. रंगातून वीज जात नाही. यांनी बोनेट झकास रंगवून घेतलं आणि दिवा मिणमिणायला लागला. उपाय साधा: होल्डरपासून वेगळी अर्थची वायर काढायची आणि बॉडीवर रंग खरवडून उघड्या लोखंडावर घट्ट बसवायची. वायरी बिजागरीजवळून नेताना थोडी ढील ठेवायची आणि पत्र्याच्या भोकात रबरी बूच घालायचं. बोनेट शंभर वेळा उघडणार, पत्र्याच्या धारेवर वायर सोलली की शॉर्ट ठरलेला. फ्यूज लावा हे वेगळं सांगत नाही. सांगितलंच म्हणा.

तिसरी गोष्ट एलईडीची. जुन्या बल्बांच्या जागी सगळीकडे एलईडी घातले तर वीज इतकी कमी लागते की जुन्या फ्लॅशरची पट्टी तापतच नाही. दिवा लागून राहतो, लुकलुकत नाही. मग इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घालावा लागतो. आणि बऱ्याच इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरला आवाज नसतो.

इथे मी तिला म्हटलं, जुनाच बल्ब ठेव. टिक-टिक जाऊ देऊ नकोस.

आजच्या नव्या गाड्यांत ती डबीच नाही. लुकलुकणं संगणक बघतो, आवाज येतो तो स्पीकरमधून. म्हणजे कुणीतरी बसून टिक आणि टॉक तयार केलंय, गाडीला ते द्यायचं ठरवलंय. यंत्राला गरज नव्हती, माणसाला होती. मागच्या दिव्यांचंही तसंच. पट्टीसारखा एकामागून एक सरकत जाणारा इंडिकेटर नव्या गाड्यांवर बघून आपण म्हणतो काय भारी. फोर्डच्या थंडरबर्डवर तो १९६५ मध्ये होता. एक छोटी मोटर फिरायची आणि तीन दिव्यांचे संपर्क क्रमाने जोडायची. बोनेटवरचा दिवा मात्र इतक्या लवकर परत आला नाही, २०१६ च्या मस्टँग जीटीवर तो पुन्हा दिसला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर ती लांब बोनेटं आणि खोट्या खाचाच मागे पडल्या, त्यांच्याबरोबर तोही गेला होता.

आपल्या दुचाकींवर मात्र त्याचा एक नातेवाईक जिवंत आहे. इंडिकेटरबरोबर ‘पीं पीं पीं’ करणारा बजर. मुलं हसतात त्याला. मीही हसायचो. अपघातानंतर पंधरा दिवसांनी मी तो बाइकला बसवून घेतला. दुकानातला पोरगा म्हणाला, “दादा, तुम्ही काय दूधवाले का?”

मागच्या रविवारी डेट्रॉइटहून दुसरी नोट आली. सात सेकंदांची. आधी इंजिनाची धडधड, मग तिचा आवाज, “दादा, दिसतोय! डावा दिसतोय!” आणि मागून नवऱ्याचा, “अगं, आता बंद कर की.”

ती नोट मी काकांना ऐकवली. हो, अधूनमधून जातो त्यांच्याकडे. मनगट जुळलंय, पण थंडीत दुखतं म्हणतात. त्यांनी ऐकून घेतलं, चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “तुझा तो पींपीं वाजतो का अजून?” वाजतो म्हटलं. सोसायटीतल्या दोघांनी तक्रार केलीय, रात्री गेटमधून आत वळताना झोपमोड होते म्हणून.